एका पुस्तकाची भेट

नागपूरकराला दीक्षाभूमी कुठे आहे हे सांगावं लागत नाही. ऑटोवाल्याला नुसतं "दीक्षाभूमी" म्हटलं की पुरे. पण त्या जागेपर्यंत येणारा रस्ता सुरू कुठून झाला, असं कुणी विचारलं तर? बहुतेक जण येवला म्हणतील. काही जण महाडचं नाव घेतील, आणि तेही बरोबरच आहे. मला मात्र वाटतं की तो रस्ता मुंबईत चर्नी रोडच्या एका बागेतल्या बाकावरून निघाला. तिथे तलवार नव्हती, परिषद नव्हती, ठराव नव्हता. एक मुलगा वाचत बसला होता आणि एका मास्तरांनी त्याची आपुलकीनं चौकशी केली. एवढंच.

हे एवढंच किती मोठं असतं, त्याबद्दल आज लिहायचं आहे.

ते मास्तर म्हणजे कृष्णराव अर्जुन केळूसकर. १८६० सालचा जन्म, वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे. मुंबईत शिक्षकी करायची आणि उरलेल्या वेळात लिहायचं, असा त्यांचा संसार. तुकाराम महाराजांचं चरित्र त्यांनी लिहिलं, पुढे शिवाजी महाराजांचंही लिहिलं. १८९८ साली गौतम बुद्धाचं चरित्र लिहिलं, तेही मराठीत. त्या काळी सामान्य मराठी वाचकाला बुद्ध म्हणजे दशावतारातला नववा, यापलीकडे फारसं ठाऊक नसायचं. अशा वेळी त्याचं सबंध चरित्र मराठीत आणायचं, हा काही लोकप्रिय होण्याचा मार्ग नव्हे. पण काही माणसं अशी असतात ना, की जे महत्त्वाचं वाटतं ते करून ठेवतात आणि पुढच्या कामाला लागतात. केळूसकर त्यातले.

शाळा सुटली की ते चर्नी रोडच्या बागेत येऊन वाचत बसत. धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात हा प्रसंग दिला आहे. बागेत रोज एक मुलगा एकटाच येतो, खेळत नाही, हुंदडत नाही, पुस्तक उघडून बसतो, हे केळूसकरांच्या लक्षात आलं. एक दिवस त्यांनी त्याला नाव विचारलं, शाळा विचारली. मुलानं सांगितलं. नाव सांगितल्यावर जातही कळलीच असणार, त्या काळात ती कळल्याशिवाय राहत नसे. पण कळल्यावर केळूसकर उठून दुसऱ्या बाकावर गेले नाहीत. त्यांनी त्याला वाचायला पुस्तकं द्यायला सुरुवात केली.

मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. घर परळच्या चाळीत, एकाच खोलीत सगळा संसार.

पुढचा प्रसंग दोन प्रकारे सांगितला जातो. कीरांच्या चरित्रात तो १९०७ सालचा आहे. भीमराव मॅट्रिक झाला म्हणून सत्काराची सभा भरली, सी. के. बोले अध्यक्ष होते आणि केळूसकरांनी आपलं बुद्धचरित्र मुलाला भेट दिलं. बाबासाहेबांनी १९५६ साली 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात मात्र ही सभा इंग्रजी चौथी पास झाल्यावरची आहे आणि अध्यक्ष खुद्द दादा केळूसकर आहेत. इयत्ता कुठलीही असो, खरी गंमत तपशिलात आहे. वडील रामजी सुभेदारांचा या सत्काराला विरोध होता. पोराच्या डोक्यात हवा जाईल, अशी त्यांना भीती! ज्यांना सभा घ्यायची होती ते मग केळूसकरांकडे गेले. केळूसकर सुभेदारांच्या घरी गेले, थोडी वादावादी झाली, आणि सुभेदार कसेबसे तयार झाले.

आता बघा, या माणसाला काय गरज होती? परक्याचा मुलगा, सत्काराची भानगड दुसऱ्यांची, बापाचा नकार. "बरं, जाऊ द्या" म्हणून घरी बसता आलं असतं. ते गेले. समजूत घातली. सभेला आले. आणि येताना हात हलवत आले नाहीत, आपलं पुस्तक घेऊन आले.

पुस्तक वाचून मुलगा हलून गेला. प्रस्तावनेत बाबासाहेब सांगतात की त्यानंतर त्यांना पहिला प्रश्न पडला तो वडिलांबद्दलच. घरात रामायण-महाभारत वाचायला लावतात, मग बुद्धाची ओळख यांनी का करून दिली नाही? सुभेदार कबीरपंथी. घरात रोज भजन, रोज वाचन. पाटी कोरी नव्हती, तिच्यावर आधीच पुष्कळ लिहिलेलं होतं, आणि त्यात हे पुस्तक येऊन पडलं.

पुस्तकाच्या भेटीवर केळूसकर थांबले असते तरी चाललं असतं. पण इंटरमीजिएटनंतर पैशाअभावी शिक्षण अडलं, तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला तो त्यांनीच. महाराजांनी मुलाला भेटीला बोलावलं, चार प्रश्न विचारले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रा. म्युलर पुस्तकं देत, कपडेही देत. १९१२ ला बी. ए., १९१३ ला कोलंबिया विद्यापीठ. त्या शिडीच्या खालच्या पायऱ्या पाहिल्या तर कुठे २५ रुपये आहेत, कुठे एक सदरा आहे, कुठे बागेतली एक विचारपूस आहे.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. पण इथेच थांबलो तर ती खोटी होईल. कारण सौजन्याची किंमत कळायची असेल तर ते जिथे मिळालं नाही ती पानंही उलटावी लागतात. बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवली आहेत.

१९०१ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. वडील गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. साताऱ्याहून भीमराव, भाऊ आणि बहिणीची मुलं त्यांना भेटायला निघाली. नवे कपडे, जरीच्या टोप्या, आयुष्यातला पहिला रेल्वेप्रवास! मसूर स्टेशनवर उतरली तर घ्यायला कुणीच नाही. वडिलांना पत्र वेळेवर पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आला, पोरांची चौकशी केली, चांगल्या घरची दिसतात म्हणून प्रेमानं बोलला. मग विचारलं, तुम्ही कोण? पोरांनी सरळ सांगितलं, महार. मास्तरचा चेहरा बदलला आणि तो मागे फिरला. बाहेर पुष्कळ बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी : दुप्पट भाडं द्यायचं, गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान बाजूनं पायी चालणार. जवळ डबा भरलेला होता, पण वाटेत प्यायला पाणी कुणी दिलं नाही म्हणून पोरं उपाशी झोपली.

त्या स्टेशनमास्तरकडे जरा थांबून बघा. तो दुष्ट नव्हता. आधी विचारपूस त्यानंच केली, मदत करायची त्याची तयारी होती. सौजन्य त्याच्याकडे होतं, फक्त त्याला एक कुंपण होतं, आणि एका शब्दानं पोरं कुंपणाबाहेर गेली. नंतर केळूसकरांनी बागेत जे केलं ते याच्या नेमकं उलट. प्रश्न तोच, तू कोण? उत्तरही तेच. फरक फक्त उत्तर ऐकल्यानंतरच्या क्षणात आहे.

साताऱ्याच्या शाळेतल्या आठवणीही अशाच आहेत. बसायला वेगळं तरटाचं बसकर, ते रोज घरून आणायचं आणि घरी न्यायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपाई असेल तर पाणी मिळणार, तो नसेल तर नाही. त्याच शाळेत कृष्णाजी केशव आंबेडकर नावाचे शिक्षक होते. आडनावाची कथा सगळ्यांना माहीत आहे, पण मला तिच्याहून भाकरीची गोष्ट मोलाची वाटते. मधल्या सुट्टीत हे गुरुजी आपल्या डब्यातली भाजी-भाकरी भीमरावला देत. रोज, न विसरता. फक्त देताना शिवाशिव नको म्हणून वरून त्याच्या हातावर टाकत.

हे वाक्य वाचताना मी नेहमी अडखळतो. भाकरी देणारा हात आणि ती वरून टाकणारा हात एकच आहे. याला काय म्हणायचं? माया? हो. अपमान? तोही आहेच. बाबासाहेबांनी मात्र या गुरुजींचं नाव आयुष्यभर कृतज्ञतेनं घेतलं. गोलमेज परिषदेला निघाले तेव्हा गुरुजींचं एक प्रेमळ पत्र आलं, ते त्यांनी जपून ठेवलं. पेंडसे नावाच्या दुसऱ्या शिक्षकांची आठवणही ते सांगत. पावसात चिंब भिजून आलेल्या मुलाला त्यांनी आपल्या घरी पाठवलं, आंघोळीला गरम पाणी द्यायला लावलं. ज्याला सगळीकडून दूर सारलं जातं, त्याला गरम पाण्याचा एक तांब्या पन्नास वर्षं आठवतो. आपल्याला आठवतो का हो असा एखादा तांब्या?

आता बडोद्याकडे वळू. कारण 'आयुष्य वाट बदलतं' असं जे आपण सहज म्हणतो, ते तिथे कसाला लागतं.

शिष्यवृत्तीच्या करारानुसार परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची होती. त्याप्रमाणे १९१७ साली आंबेडकर बडोद्याला हजर झाले. कोलंबियाची एम. ए. जवळ, पीएच. डी.चा प्रबंध लिहून झालेला. महाराजांच्या मनात त्यांना पुढे अर्थमंत्री करायचं होतं. आणि शहरात राहायला जागा मिळेना! हिंदू हॉटेलात शक्यच नव्हतं. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. कचेरीत शिपाई लांबून फायली फेकत, प्यायला पाणी मिळत नसे. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दारात उभे. संध्याकाळपर्यंत जागा सोड, नाहीतर बघून घेऊ.

शहरात दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू माझ्याकडे आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. दोघंही जन्मानं ब्राह्मण, बायको जुन्या वळणाची, तिला काय उत्तर द्यायचं ते कळलंच. दोघांपैकी कुणी वाईट बोललं नाही, दार लोटलं नाही. अगदी सभ्यपणे नकार दिला. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोपर्यंतचा वेळ हा माणूस बडोद्याच्या बागेत बसून राहिला. पुढे कितीतरी वर्षांनी लिहिताना, ती आठवण झाली की डोळ्यांत पाणी येतं, असं त्यानं नोंदवलं आहे.

एक बाग चर्नी रोडची, एक बाग बडोद्याची. मध्ये जेमतेम दहा वर्षं.

आता कुणी म्हणेल, बरंच झालं की! बडोद्यात जागा मिळाली असती तर ते संस्थानचे अर्थमंत्री होऊन निवृत्त झाले असते. मग मूकनायक नाही, महाड नाही, संविधानाचा मसुदा नाही, नागपूरही नाही. जे होतं ते चांगल्यासाठीच होतं.

मला हे वाक्य आवडत नाही. फार स्वस्त आहे ते. काठ्या घेऊन आलेल्या माणसांचं श्रेय त्यात हळूच नियतीच्या खात्यावर जमा होतं. अपमान झाला तो झालाच, त्याला नंतर सोन्याचा मुलामा देऊन तो योग्य ठरत नाही. शिवाय त्याच काळात अशी किती हुशार मुलं कुठकुठल्या बागेत बसून रडली असतील आणि तिथेच संपली असतील, त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत. वाट वळली हे खरं. पण वळवली आयुष्यानं नाही, वळवली त्या माणसानं. आणि वळवण्याइतकं बळ त्याच्यात उरलं, याचं थोडं श्रेय आधी मिळालेल्या भाकरीला, पुस्तकाला आणि सदऱ्याला आहे, असं मी मानतो. जगात सगळेच असे नसतात, याचा पुरावा त्याच्या गाठीशी होता.

तो पुरावा पुढेही मिळत गेला. बडोद्यात काठ्या घेऊन आले ते पारशी, आणि १९२० साली लंडनचं अर्धवट शिक्षण पुरं करायला पाच हजार रुपये उसने दिले तो कोलंबियातला मित्र नवल भथेनाही पारशीच. एल्फिन्स्टन कॉलेजातला हॉटेलवाला चहा सोडा, पाणीही देत नसे. आणि इकडे कोल्हापुरात काय चाललं होतं? गंगाराम कांबळे या दलित माणसाला हौदाला शिवला म्हणून मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्याला पैसे देऊन चहाचं हॉटेल काढून दिलं. पण गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी हॉटेलसमोर थांबवत, चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. राजा चहा पितोय म्हटल्यावर दरबारी नाही कसं म्हणणार? एक कप चहा. पण त्या कपानं जे केलं ते शंभर व्याख्यानांनी झालं नसतं.

हेच शाहू महाराज मे १९२० च्या अखेरीस नागपूरला आले होते, अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून. एकोणतीस वर्षांचे आंबेडकर त्या परिषदेत होते. नागपूरशी त्यांचं नातं तिथपासूनचं. पुढे ऑगस्ट १९३० मध्ये इथेच अखिल भारतीय दलित काँग्रेसचं अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली झालं, जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन इथेच स्थापन झालं. छप्पनची गर्दी काही आकाशातून पडली नव्हती राजेहो, छत्तीस वर्षं तिची मशागत चालू होती.

चाळीसगावची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. १९२९ साल. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात फिरत होते. चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी आग्रह केला, एक रात्र आमच्याकडे राहा. ते राहिले. स्टेशनवरून वस्तीत जायला टांगा हवा होता, आणि एकही टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. मग लोकांनी टांगा भाड्यानं घेतला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसवला. त्याला टांग्याची सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब खाली दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. नंतर त्यांना कळलं की पाहुण्याला पायी चालत न्यायचं हे लोकांना प्रशस्त वाटलं नव्हतं, म्हणून एवढा खटाटोप. माझा मान राखायला गेले आणि माझा जीवच धोक्यात घातला, असं त्यांनी लिहिलं आहे. त्यात राग नाही. ज्यांच्याकडे देण्यासारखं काहीच नव्हतं त्या माणसांनी मान देऊ केला होता. आणि साधा टांगेवालाही बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजत होता, हेही त्यांना त्या दिवशी कळलं.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो ते माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर दारात रीघ लागली. मुसलमान, ख्रिस्ती, शीख, सगळ्यांची निमंत्रणं. आणि हा माणूस थांबला. किती? २१ वर्षं आणि एक दिवस!

आयुष्यावर विश्वास ठेवणं म्हणतात ते हेच असावं. हातावर हात ठेवून बसणं नव्हे. या २१ वर्षांत घटना लिहिली, मंत्रिपद घेतलं आणि सोडलं, कॉलेजं काढली. पण एक निर्णय त्यांनी पिकू दिला. आणि तो कुठल्या दिशेनं पिकतोय हे खुणांवरून कळत होतं. दादरच्या घराचं नाव राजगृह, बुद्धाच्या काळची मगधाची राजधानी. १९४६ ला काढलेलं मुंबईचं कॉलेज सिद्धार्थ. औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं, कॉलेज मिलिंद. १९५४ च्या डिसेंबरात देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना. शाळकरी वयात हातात पडलेलं पुस्तक आत कुठेतरी चालूच होतं.

केळूसकर १९३४ साली वारले, येवल्याच्या आदल्या वर्षी. आपल्या पुस्तकानं काय केलं हे त्यांना कळलंच नाही. कळण्याची त्यांची अपेक्षाही नसावी. गुणी पोरगा आहे, वाचतो, त्याला पुस्तक द्यावं, यापलीकडे काही मनात असेल असं वाटत नाही. सौजन्याचं असंच असतं, पेरणारा कापणीला हजर नसतो.

कापणी नागपुरात झाली. वामनराव गोडबोले आणि भारतीय बौद्धजन समितीच्या कार्यकर्त्यांनी तयारी केली होती. जागा श्रद्धानंदपेठेजवळची, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटची. बाबासाहेब ११ ऑक्टोबरला आले, सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले. बडोद्यात ज्याला खोटं नाव सांगून राहावं लागलं, तो माणूस बर्डीवरच्या हॉटेलात स्वतःच्या नावानं उतरला होता आणि त्याला नुसतं बघायला खाली रस्त्यावर गर्दी लोटली होती. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. प्रकृती पार खालावलेली, आधाराशिवाय चालवत नव्हतं. कुशीनाऱ्याचे वृद्ध भिक्खू चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून त्यांनी आणि माईसाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतलं. आणि मग समोरच्या लाखो लोकांना त्यांनी स्वतः दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नागपूरच का, हेही सांगून टाकलं. नाग लोकांनी बुद्धाचा धम्म पसरवला, त्यांची ही भूमी, म्हणून नागपूर. त्यानंतर जेमतेम साडेसात आठवड्यांनी, ६ डिसेंबरला ते गेले.

या सगळ्याचा आणि चहा-पाण्याच्या सौजन्याचा संबंध मी ओढूनताणून लावतोय, असं कुणाला वाटेल. पण बाबासाहेबांनीच तो लावून ठेवला आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता या त्रयीबद्दल जे सांगितलं त्याचा मतितार्थ असा, की बंधुता नसेल तर उरलेल्या दोन गोष्टी अंगवळणी पडणार नाहीत, त्या पाळायला लावायला पोलीस शिपाई उभा करावा लागेल. कायद्यानं पाणवठा खुला होतो. पण तहानलेल्याला "या, बसा, पाणी घ्या" असं म्हणायला कायदा कुणाला लावणार? ज्यानं आयुष्यभर कायदा केला त्यानंच त्याची हद्द सांगून ठेवली. आणि उलटंही तितकंच खरं. नुसत्या सौजन्यावर भागत नाही, नाहीतर भाकरी वरूनच पडत राहते. म्हणून महाडचं तळं लागतं, घटना लागते, आणि बागेतला मास्तरही लागतो.

दसऱ्याच्या दिवसांत दीक्षाभूमीवर जायचा योग आला नसेल तर एकदा अवश्य जा. २००१ साली राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झालेला तो भव्य स्तूप तर आहेच, पण मला त्याहून आवडतं ते बाहेरच्या रस्त्यांवरचं दृश्य. गावोगावाहून लोक आलेले असतात, डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. जागोजाग भोजनदान चालू असतं, पाण्याची सोय असते. वाढणारा समोरच्याला नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. ताट पुढे आलं की वाढतो, ताटातच, वरून नाही.

आणि पुस्तकं! रस्त्याच्या कडेनं पुस्तकांच्या दुकानांची रांगच रांग. कुणी घटना विकत घेतंय, कुणी 'बुद्ध आणि त्याचा धम्म', कुणी लेकरासाठी चित्रांचं बुद्धचरित्र. एसटीच्या परतीच्या भाड्याचे पैसे बाजूला काढून, उरलेल्यात बसेल ते पुस्तक निवडणारी आजीबाई मी तिथे पाहिली आहे. तिला वाचता येत नव्हतं. "नातीसाठी घेतो," म्हणाली.

त्या नातीनं ते पुस्तक वाचलं का, वाचून तिला कुठला प्रश्न पडला, ती आता कुठे असेल, मला माहीत नाही. आजीलाही तेव्हा माहीत नव्हतंच. केळूसकर मास्तरांना तरी कुठे माहीत होतं!